एका कढईतला खिमा आणि आपले मौन

पाककृती हा सांस्कृतिक मासिकाचा विषय नव्हे, आणि त्यातही बीफच्या खिम्याची पाककृती तर सभ्य मराठीत छापण्याचा विषय मुळीच नव्हे, असे मानणारा एक वर्ग आपल्या वाचकांत आहे. त्याचे म्हणणे दोन प्रकारचे असते. पहिले असे की, खिमा परतला, कांदा टाकला, बटाटे-वाटाणे घातले आणि वर झाकण ठेवले, यात पाककला ती कोणती? दुसरे म्हणणे सहसा शब्दांत येत नाही. ते भुवया चढवून सांगितले जाते. आमच्या मते ही दोन्ही म्हणणी चूक आहेत, आणि दुसरे झाकण्यासाठीच पुष्कळदा पहिल्याचा आश्रय घेतला जातो. म्हणून दोहोंचा समाचार एकत्र घेतलेला बरा.

गोव्याच्या ख्रिस्ती स्वयंपाकाची वाखाणणी करणारे लोक सोरपोतेल, विंदालू आणि बेबिंका यांची नावे घेतात. ही सारी सणासुदीची खाद्ये. सोरपोतेल आज शिजवावे आणि तिसऱ्या दिवशी खावे. बेबिंकेचा एक थर भाजून निघाल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. त्यांची थोरवी आम्हांस मान्य आहे. पण फेस्त वर्षातून एकदा येते आणि मंगळवार दर आठवड्यास येतो. पणजीच्या एखाद्या कचेरीतून सहाला सुटून, बसमध्ये उभे राहून, सातला घरी पोहोचणाऱ्या बाईच्या चुलीवर मंगळवारी बेबिंका नसते. तेथे असते एक पसरट कढई, तीत अर्धा किलो खिमा, दोन बटाटे, दोन गाजरे, मूठ-दोन मुठी वाटाणे. जुन्या घरांत याला 'पिकादीन्यु' म्हणत. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ बारीक चिरलेले इतकाच. आता बहुतेक घरांत नुसते 'मिन्स' म्हणतात. आठाच्या आत पाने मांडली जातात, पोदेराकडची पोई मोडली जाते, आणि त्या जेवणाविषयी कोणीही, कोठेही, एक ओळ लिहीत नाही.

गंमत अशी की हाच खिमा बटाट्याच्या लगद्यात भरून, अंड्यात बुडवून, रव्यात घोळवून तळला, की तो 'पटेटा चॉप' होऊन लग्नाच्या टेबलावर जाऊन बसतो. त्याचाच लांबट वळसा करून तळला की 'क्रोकेत' होतो, आणि पाहुणे तो चिमटीत धरून वाहवा करतात. म्हणजे अडचण खिम्याची नाही. अडचण आहे ती तो साध्या कपड्यांत आल्याची.

'झटपट' या शब्दाचा आपल्याकडे जो तिरस्कार आहे त्याचे मूळ एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. पाट्यावर तासभर वाटलेल्या मसाल्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी वरवंटा किती जणांनी हाती धरला होता? वाटणारा हात बहुधा दुसऱ्याचा असे. सुनेचा, मोलकरणीचा, आश्रिताचा. तो हात आता शाळेत शिकवतो, बँकेत नोटा मोजतो, रुग्णालयात रात्रपाळी करतो. त्याने चाळीस मिनिटांत चार माणसांचे चौरस जेवण उभे केले तर त्याला 'हल्लीच्या बायकांचा आळस' म्हणणे हा, आमच्या व्यवसायाच्या भाषेत बोलायचे तर, पुराव्यावाचून केलेला आरोप आहे.

आणि या कामात कौशल्य नाही, हे तर साफ खोटे. एकाच भांड्यात सर्व काही शिजवायचे म्हणजे क्रमाची चूक सुधारायला दुसरे भांडे नसते. बहुतेक घरांत खिमा बिघडतो तो याच ठिकाणी. सगळे एकदम कढईत ओतले की मांसाला पाणी सुटते, भाज्यांना पाणी सुटते, आणि जे तयार होते ते करड्या रंगाचे, उकडलेल्या वासाचे, रुग्णाला द्यावे असे काहीतरी असते. मग दोष पदार्थाला दिला जातो.

खरा क्रम असा. खाटकाकडे आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नये. मांसाचा तुकडा निवडून आपल्यासमोर तो काढून घ्यावा. मान-खांद्याकडचे मांस उत्तम, कारण त्यात थोडी चरबी असते. म्हशीचे वा रेड्याचे मांस कोरडे असते. त्याला चमचाभर तेल अधिक लागते. घरी आणल्यावर खिमा स्वच्छ फडक्याने टिपून कोरडा करावा. कढई चांगली तापू द्यावी, तेल घालावे, आणि खिमा एका थरात पसरून तीन-चार मिनिटे त्याला हात लावू नये. हा संयम फार थोड्यांना जमतो. कलथा हाती आला की माणसाला ढवळल्यावाचून राहवत नाही, आणि ढवळले की मांस भाजण्याऐवजी आपल्याच पाण्यात उकडते. सुटलेले पाणी आटले, बुडाशी तांबूस खरपूस कड धरली, की मग उलटावे व गुठळ्या मोडाव्यात. पदार्थाची निम्मी चव या कडेत आहे. ती मागाहून कोणत्याही मसाल्याने आणता येत नाही.

आता खिमा कढईच्या काठाशी सरकवून मधल्या जागेत, त्याच चरबीत, दोन बारीक चिरलेले कांदे घालावेत. ते लाल झाले की आठ पाकळ्या लसूण, पेरभर आले, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, चमचाभर मिरे-जिऱ्याची पूड. मग नखाएवढ्या चौकोनी फोडी केलेले बटाटे व गाजर, मीठ, वाटीभर गरम पाणी, आणि झाकण. आच मंद. पंधरा मिनिटांनी बटाटा कलथ्याच्या टोकाने मोडतो का ते पाहावे. मोडला तरच वाटाणे घालावेत, आणि सर्वांत शेवटी माडाच्या सुरेचे व्हिनेगर, एक मोठा चमचा.

हे व्हिनेगर शेवटी का, हे सांगितले पाहिजे, कारण येथे जुन्या-जाणत्या बायाही वाद घालतात. आंबट पदार्थात बटाटा लवकर मऊ होत नाही. आम्लामुळे भाजीच्या पेशींना जोडणारे द्रव्य विरघळायला वेळ लागतो. व्हिनेगर किंवा टोमॅटो आधी घातला तर खिमा शिजून जातो आणि बटाटा दातांखाली कडकडत राहतो. ज्यांना टोमॅटो हवाच असेल त्यांनी तोही बटाटा नरम झाल्यावर घालावा व पाच मिनिटे आटवावा.

आणखी एक गोष्ट, जिच्यात आवडी-निवडीला वाव नाही. मांसाचा अखंड तुकडा वरून भाजला आणि आत किंचित कच्चा राहिला तर फारसे बिघडत नाही, कारण जंतू पृष्ठभागावर असतात. खिमा करताना तोच पृष्ठभाग सगळीकडे कालवला जातो. म्हणून खिमा आतपर्यंत शिजलाच पाहिजे. ७१ अंश सेल्सियस ही त्याची मान्य मर्यादा आहे, आणि नुसता रंग बदलला हा त्याचा पुरावा नव्हे. कच्चा खिमा शीतकपाटातही दोन दिवसांहून अधिक ठेवू नये.

हा पदार्थ केवळ गोव्याचा आहे असा आमचा दावा नाही. बारीक मांस आणि भाज्या एका भांड्यात शिजवणारी घरे जगभर आहेत. मकावमध्ये 'मिंची' होते, बटाट्याच्या तळलेल्या फोडी घातलेली, वर तळलेले अंडे. क्यूबात 'पिकादियो'त ऑलिव्ह आणि मनुका पडतात. फिलिपिन्समध्ये बटाटा, गाजर, वाटाणा हेच त्रिकूट आहे. तेथील लोक त्याला आपले घरचे जेवण म्हणतात आणि त्याविषयी सुखाने लिहितात. त्यांच्या संस्कृतीला त्यामुळे उतरती कळा लागल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता त्या न बोललेल्या म्हणण्याकडे वळू.

गायीविषयी ज्याच्या मनात श्रद्धा आहे त्याने हा पदार्थ खाऊ नये, करू नये, पाहूही नये. त्याच्या व्रताबद्दल आम्हांस आदर आहे, आणि हाच क्रम बकऱ्याच्या खिम्यालाही जसाच्या तसा लागू पडतो हे त्याच्या सोयीसाठी सांगून ठेवतो. पण व्रत हे व्रत घेणाऱ्याचे असते. मराठी भाषा ही त्याच्या एकट्याच्या सोवळ्यातली वस्तू नव्हे. या भाषेत बोलणाऱ्या कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या हे मांस शिजत आले आहे. २०१५ साली शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या चुलीवरचे पदार्थ नोंदविले, तेव्हा पुष्कळ सुशिक्षित मराठी वाचकांना ते परदेशातून आल्यासारखे वाटले. ते शेजारच्या गल्लीतून आले होते. ज्यांचे जेवण भाषेत कधी लिहिलेच गेले नाही, त्यांच्या जेवणाला 'मराठी नव्हे' असे म्हणणे सोपे असते. हा पुरावा आपणच दडपायचा आणि मग तो नाही म्हणून निकाल द्यायचा, असला प्रकार झाला.

भाषेच्या या मौनातून गलथानपणा येतो, आणि गलथानपणाचे परिणाम वृत्तपत्रांपुरते राहत नाहीत. बाजारात 'बीफ' म्हणजे गाय, बैल, म्हैस, रेडा यांपैकी कशाचेही मांस. महाराष्ट्रात लोक सरसकट 'मोठ्याचे' म्हणतात. वृत्तपत्रे मात्र या सगळ्याला डोळे मिटून 'गोमांस' लिहितात. भारतातून जे 'बीफ' निर्यात होते ते म्हशीचे असते, कारण गायीबैलांच्या मांसाच्या निर्यातीस बंदी आहे; मराठी बातमीत ते 'गोमांस' होऊन बसते. कायद्यात तर प्रांताप्रांताने फरक आहे. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीस, काही थोडे अपवाद सोडून, बंदी आहे. बैल, म्हैस, रेडा यांच्यासाठी १९९५ चा वेगळा कायदा असून, जनावर कामास, दुधास वा पैदाशीस उपयोगी राहिले नसल्याचा दाखला लागतो. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल व वळूही बंदीत आले, म्हैस आली नाही. कर्नाटकाने २०२० च्या कायद्यात तेरा वर्षांखालील म्हशींनाही बंदी घातली. गुजरातने २०१७ मध्ये गोवंशाच्या कत्तलीसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. तेव्हा बेळगाव, वडोदरा, इंदूर येथील वाचकांनी आपल्या प्रांताचा कायदा पाहूनच बाजारात जावे. आम्ही कोणास कायदा मोडावयास सांगत नाही. आम्ही सांगतो ते इतकेच की, ज्या एका शब्दावरून माणूस तुरुंगात जाऊ शकतो तो शब्द तरी नीट वापरा.

खिम्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक होतो. अखंड मांसाकडे पाहून जाणकार खाटीक काही तर्क तरी करील. यंत्रातून निघालेल्या आणि हळद-मिऱ्यांत परतलेल्या खिम्याकडे पाहून कोणाचेही डोळे काही सांगू शकत नाहीत. ते काम प्रयोगशाळेचे. महाराष्ट्राच्या सुधारित कायद्यात दोन कलमे अशी होती की, राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचे मांस नुसते जवळ असणे हाही गुन्हा, आणि आपण कायदा मोडलेला नाही हे शाबीत करण्याचा भार आरोपीवर. मडगावाहून मुंबईस लेकीकडे निघालेल्या एखाद्या आजीच्या डब्यातले, गोव्यात कायदेशीर असलेल्या बैलाच्या मांसाचे चार पटेटा चॉप, राज्याची हद्द ओलांडताच गुन्हा ठरत होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी ही दोन्ही कलमे घटनाबाह्य ठरविली. कत्तलबंदी मात्र कायम राहिली. घरात काय खावे हा माणसाच्या खाजगी जीवनाचा भाग आहे, हे त्या निकालाचे एक सूत्र होते. आमच्या विद्वान मित्रांना तो निकाल पटो वा न पटो, त्यांनी तो वाचला असता तर 'अशा पाककृती छापणे कायद्यात बसते काय?' हा प्रश्न त्यांनी विचारला नसता.

आणि बंदीचे ओझे पडते कोणावर, तेही पाहा. मोठ्या हॉटेलात जेवणारा दुसरे काही मागवितो. कर्नाटकाचा कायदा २०२१ च्या आरंभी अंमलात येताच गोव्यात तुटवडा झाला, कारण गोव्याला लागणारी जनावरे मुख्यतः बेळगावकडूनच येत. डिसेंबर २०२४ मध्ये मडगावच्या बाजारात झालेल्या झटापटीनंतर गोव्यातील कुरेशी मांसविक्रेत्यांनी ऐन नाताळच्या तोंडावर दुकाने बंद ठेवली. अशा दिवशी रिकामी राहते ती आम्ही वर वर्णिलेली कढई. बकऱ्याच्या मांसाचा भाव तिला परवडत नाही. म्हणूनच तर ती बीफच्या खिम्याची असते. म्हातारा बैल विकू न शकलेला सीमेवरचा शेतकरी आणि सातला घरी पोहोचणारी ती बाई, या दोघांची गाठ कधी पडत नाही, पण नुकसान दोघांच्याही पदरी येते.

उरलेल्या खिम्याविषयी लिहावयाचे राहिले. तो सहसा उरत नाही. उरलाच तर रात्री झाकून शीतकपाटात ठेवावा आणि सकाळी त्यातले पाणी पुरते आटवून घ्यावे. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात भरायचा असेल तर तो कोरडाच हवा, नाहीतर चॉप तेलात फुटतो. शाळेच्या डब्यासाठी पोई मधोमध चिरून तिच्यात तसाच भरला तरी चालतो. मात्र पोई त्याच सकाळची असावी.