नोकरी घरात आली. काम शिकवणार कोण?

अमरावती/अकोला : "पोट्टा पुण्याले लागला" असं गावात सांगितलं की पुढं काही विचारावं लागत नव्हतं. आता एखाद्या घरी विचारलं तर उत्तर येते, "घरीच हाये, पण नोकरीवर हाये." ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून राहणारा पोरगा नक्की करते काय, हे शेजाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा त्याच्या बापालाही नाही.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सॉफ्टवेअरवाले गावी परतले तेव्हा ही सवय लागली. मोठ्या कंपन्यांनी पुढं लोकांना परत बोलावलं. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून बहुतेक कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं. पण पाच-दहा माणसांच्या लहान टीम मात्र घरूनच चालत राहिल्या. त्यांचं ऑफिसच नसते. एक जण पुण्यात, एक नागपुरात, एक अकोल्यात, गिऱ्हाईक अमेरिकेत. अशा टीमला अचलपूर, दर्यापूर, मूर्तिजापूर, बार्शीटाकळीचा पोरगाही चालतो. पोरगीही चालते. हिंजवडीची खोली नको, मेस नको. ज्या घरातून मुलीला एकटीनं पुण्याला पाठवायला तयार नसतात, त्या घरासाठी तर ही मोठीच सोय.

अडचण दुसरीकडेच आहे. नोकरी घरापर्यंत आली, पण काम शिकवणारा माणूस सोबत आला नाही. नोकरी टिकते की जाते हे बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत ठरते, आणि नेमके तेच तीन महिने लहान टीममध्ये सर्वात कच्चे असतात.

मोठ्या कंपनीचं गणित वेगळं

मोठ्या कंपनीत नव्या माणसाला शिकवायची वेगळी व्यवस्था असते. इन्फोसिसचा म्हैसूरचा परिसर त्यासाठीच प्रसिद्ध. राहणं, खाणं, वर्ग, परीक्षा, सगळं एका ठिकाणी. पण तिथंही शिकणं म्हणजे अखेर परीक्षाच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही पास न झालेल्या प्रशिक्षणार्थींना तिथून घरी पाठवलं. कंपनीनं आकडा ३०० हून अधिक सांगितला. नाइट्स या पुण्याच्या कर्मचारी संघटनेनं तो ७०० च्या आसपास असल्याचा दावा करून केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली. त्यातले अनेक जण २०२२ ला पास झालेले. ऑफर लेटर हातात असूनही दोन वर्षं वाट पाहून ते रुजू झाले होते.

लहान टीमकडे ना परिसर, ना वर्ग, ना मास्तर. तिथं शिकवायचं ते रोजचं काम करणाऱ्यानंच. हिशोब सरळ आहे. सहा जणांच्या टीममध्ये एका जुन्या माणसानं नव्यासाठी रोज दोन तास दिले, तर आठवड्याचे दहा तास गेले. त्याच्या चाळीस तासांतला हा चौथा हिस्सा. तीन महिन्यांत १३० तास. चौथ्या महिन्यात नवा माणूस जास्त पगारावर दुसरीकडे गेला, तर मालकाच्या लेखी ते तास मातीत गेले. म्हणूनच लहान टीमच्या जाहिरातीत "दोन वर्षांचा अनुभव पाहिजे" असं येते. मग पहिली दोन वर्षं कुठं काढायची, हे मात्र कोणी सांगत नाही.

कॉलेजात जे येत नाही

अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ चं. बडनेऱ्याचं राम मेघे आणि शेगावचं गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासूनचं. त्यात आणखी कॉलेजं, पॉलिटेक्निक, बीसीए, बीएससी. म्हणजे शिकलेल्या पोरांची वऱ्हाडात कमी नाही. पण कॉलेजात प्रोग्राम पहिल्या ओळीपासून स्वतः लिहायचा असतो. नोकरीत दुसऱ्यानं चार वर्षांपूर्वी लिहिलेले हजारो ओळींचे कोड वाचायचे असते आणि त्यातली दहा ओळींची जागा न बिघडवता बदलायची असते. ते कोड गिटमध्ये ठेवलेलं असते. कोणी, कधी, काय बदललं याची ही नोंदवही. लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ मध्ये बनवली. आता बहुतेक टीम तीच वापरतात. पण अनेक पोरांची तिच्याशी खरी गाठ नोकरीतच पडते.

त्यानंतर येतो रिव्ह्यू. आपण केलेला बदल दुसरा तपासतो, चुका लिहून पाठवतो, मगच तो पुढं जातो. नव्या पोराला हा अपमान वाटतो. पंधरा शेरे आले की त्याला वाटते, आता काढून टाकतात. खरं म्हणजे शेरे येणं हेच शिकणं आहे. पण हे त्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगायला पाहिजे.

"इचारू कसं?"

वरुड तालुक्यात शेंदुरजना घाटला संत्र्याच्या रोपवाटिका आहेत. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायचं काम पुस्तक वाचून कोणी शिकलं नाही. नवा पोरगा जाणत्याच्या बाजूला बसते. साल किती कापावी, डोळा कसा बसवावा, पट्टी किती ताणावी, हे पाहते. हात चुकला की जाणता तिथंच थांबवते. ऑफिसातही असंच होते. बाजूच्या खुर्चीवरचा माणूस स्क्रीनकडं पाहून म्हणते, "अरे, इथं नको, तिथं बघ."

घरून काम करताना ही बाजूची खुर्चीच नसते. समजा, मूर्तिजापूर तालुक्यातली एक पोरगी अशा टीमला लागली. पहिल्या आठवड्यात लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालू करायचा आहे. एक एरर येते. टीमच्या ग्रुपवर सगळं इंग्रजीत चाललेलं. आपण विचारलं तर येडी म्हणतील, इंग्रजी चुकली तर हसतील, म्हणून ती विचारत नाही. दोन दिवस एकाच जागी अडकते. तिकडं सिनिअरला वाटते, काम चालू आहे. विचारत नाही म्हणजे जमत असेल. तिसऱ्या दिवशी कॉलवर कळते की काहीच झालं नाही. मग तिच्यावर शिक्का बसतो, "हिला जमत नाही." तिला जे अडलं होतं ते उत्तर कदाचित पाच मिनिटांचं होतं.

घरून चालणाऱ्या टीममध्ये नवा माणूस बुद्धी कमी म्हणून जितका मागं पडते, त्यापेक्षा जास्त गप्प राहिल्यानं मागं पडते. आणि ही चूक एकट्या त्याची नसते.

नीट चालणाऱ्या टीम काय करतात

यावर उपाय महाग नाही, पण शिस्त लागते. पहिली गोष्ट, लिहून ठेवणं. गिटलॅब ही कंपनी कोणतंही ऑफिस न ठेवता वाढली. कामाची रीत तिनं एका मोठ्या माहितीपुस्तकात लिहिली आणि ते सगळ्या जगाला वाचायला मोकळं ठेवलं. लहान टीमला एवढं मोठं पुस्तक नको. दोन-चार पानं पुरतात: लॅपटॉप कसा तयार करायचा, पासवर्ड कोणाकडून घ्यायचे, कोणतं काम कोण पाहते. नव्या माणसानं त्या पानांप्रमाणे चालायचं आणि जिथं अडलं तिथं ते पान स्वतःच दुरुस्त करायचं. पुढच्याला तोच खड्डा लागत नाही, आणि नव्याचं पहिलं काम टीमच्या उपयोगाचं होते.

दुसरी, एक ठरलेला माणूस. "काही लागलं तर ग्रुपवर विचार" याचा अर्थ कोणालाच विचारू नको असा होते. रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास एकानं नव्यासोबत स्क्रीन शेअर करून बसावं. ही बाजूची खुर्चीच, फक्त दुरून. बोलणं मराठीत झालं तर आणखी बरं. कोड इंग्रजीतच राहते, समजावणं मराठीत करायला कोणाची मनाई नाही.

तिसरी, अर्ध्या तासाचा नियम. अर्धा तास स्वतः प्रयत्न करायचा, नाही जमलं तर विचारायचंच. विचारताना तीन गोष्टी लिहायच्या: काय करत होतो, काय झालं, काय करून पाहिलं. एवढं लिहिलं की अर्धी उत्तरं लिहितानाच सापडतात.

चौथी, पहिल्या आठवड्यातच खरं पण लहान काम. एखाद्या बटनावरचा चुकलेला शब्द दुरुस्त करणं चालेल. पण तो बदल रिव्ह्यूतून जाऊन गिऱ्हाइकापर्यंत पोहोचला पाहिजे. पहिल्या आठवड्यात पूर्ण रस्ता एकदा चालून झाला की भीती मोडते. महिनाभर नुसते व्हिडिओ पाहायला लावणाऱ्या टीममध्ये ती वाढते.

एआयनं पेच वाढवला

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि नव्या माणसाची लहान कामं मशीन करू लागली. जो बदल आधी फ्रेशरकडे शिकण्यासाठी द्यायचे, तो आता सिनिअर एआयकडून दहा मिनिटांत करून घेते. मालकाला हे स्वस्त पडते. पण लहान कामं केल्याशिवाय मोठी कामं येत नाहीत. आज फ्रेशर घेतले नाहीत तर पाच वर्षांनी सिनिअर कुठून येतील?

नव्या पोरांसाठीही इशारा आहे. एआयनं दिलेलं कोड चिकटवून काम पुढं ढकलता येते, पण रिव्ह्यूत "हे असं काहून केलं?" या प्रश्नाला उत्तर देता आलं नाही तर पितळ उघडं पडते. विचारायची लाज वाटत नाही एवढा फायदा एआयचा नक्की आहे. उत्तर तपासून घ्यायची सवय मात्र माणसाकडूनच लागते.

वीज, रेंज आणि हरिसाल

धारणी तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मदतीनं देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं. पुढं २०१९ च्या लोकसभा प्रचारात त्याच गावातल्या सोयींवरून राज्यभर वाद झाला. त्यातून एक गोष्ट सगळ्यांना कळली. गावात नेट आणून देणं आणि ते रोज चालतं ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

अमेरिकेच्या गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ बहुधा संध्याकाळी सात ते अकराची. खेड्यात वीज आणि नेटचा भरवसा नेमका तेव्हाच कमी. जून-जुलैत वारा सुटला की तार तुटते. जुना माणूस दोनदा कॉलवरून गायब झाला तर चालून जाते. नव्याच्या बाबतीत टीमला शंका येते. म्हणून इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हा खर्च नोकरीचाच भाग धरला पाहिजे. टीम लॅपटॉप देते, तशी याचाही वाटा तिनं उचलावा. ऑफिसचं भाडं वाचलेलंच असते.

सरकारी योजना लहान टीमपर्यंत येते का?

राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना विद्यावेतन सरकार देते. सुरुवातीला मुदत सहा महिने होती, पुढं पाच महिने वाढवली. पोरांना आधार झाला, पण अनेक जण सरकारी कार्यालयांत लागले आणि मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनाला बसले. हातात धरून ठेवण्यासारखं कौशल्य किती आलं, हा प्रश्न राहिलाच.

दुसरा रस्ता १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. म्हणजे सहा जणांची सॉफ्टवेअर टीमही शिकाऊ घेऊ शकते आणि विद्यावेतनाचा काही भाग केंद्राकडून मिळू शकते. हे अशा किती मालकांना माहीत आहे? कौशल्य विकास विभागाच्या जिल्हा कार्यालयांनी मेळाव्याचे फोटो काढण्यासोबत एवढी माहिती पोहोचवली तरी पुष्कळ झालं.

तामिळनाडूत झोहोनं २००५ मध्ये बारावी आणि पदविकेच्या पोरांना घेऊन स्वतःची शाळा काढली. फी नाही, उलट विद्यावेतन. पुढं तेनकाशीसारख्या खेडेभागात कामही नेलं. तेवढी ताकद वऱ्हाडातल्या लहान टीममध्ये नाही. पण तालुक्या-तालुक्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका आहेत. खुर्ची आहे, लाइट आहे, शांतता आहे. त्यात एक खोली, फायबर, इन्व्हर्टर आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा एखादा अनुभवी माणूस, एवढं जुळवलं तर दहा वेगवेगळ्या टीमचे दहा नवे लोक एकत्र बसू शकतात. कंपन्या वेगळ्या असल्या तरी अडचणी सारख्याच असतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठीतून फुकट धडे आहेत. सुरुवात तिथून होऊ शकते. बाजूची खुर्ची गावातच मिळाली तर तिसऱ्या दिवशीचा शिक्का पुष्कळांचा टळेल.

सही करण्याआधी

या गरजेचा फायदा घेणारेही आहेतच. "आधी प्रशिक्षणाचे पैसे भरा, मग घरबसल्या नोकरी" असा फोन आला तर सावध राहावं. खरी नोकरी पगार देते, फी मागत नाही. बाँडही वाचूनच सही करावी. बाँड म्हणजे नुसता कागद असं समजू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरायची अट वैध ठरवली आहे. रुजू होण्याआधी टीमला एवढं विचारावं:

- मला शिकवणारा माणूस कोण, आणि तो रोज किती वेळ देणार?
- पहिल्या महिन्यात कोणती कामं असतील?
- लॅपटॉप, नेट, इन्व्हर्टरचा खर्च कोणाचा?
- पगार किती, कोणत्या तारखेला, पीएफ आहे का?
- बाँड आहे का, किती महिन्यांचा, आणि मूळ प्रमाणपत्रं मागता का?

मूळ प्रमाणपत्रं कोणाकडेही ठेवू नयेत. आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर "बघू, शिकशील हळूहळू" असं आलं, तर पगाराचा आकडा कितीही चांगला असो, दोन दिवस विचार करावा.

२०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याहून कमी भावानं माल गेला. ज्या घरानं वावराच्या भरवशावर पोराला इंजिनिअर केलं, त्या घराला घरबसल्या येणारा पगार म्हणजे दुष्काळातली विहीर. ती विहीर पहिल्या तीन महिन्यांतच ढासळू नये, एवढी काळजी टीमनं, कॉलेजानं आणि जिल्हा प्रशासनानं मिळून घ्यायला काय हरकत आहे?