ओली मिरी भाजी समजून पिकवावी

काळी, पांढरी आणि हिरवी मिरी एकाच वेलीवर येते. फरक पडतो तो काढणीच्या वेळेमुळे आणि प्रक्रियेमुळे. केरळात ओले दाणे कढीपत्त्यासह जाडसर ठेचून मासळीच्या तव्यावर घालतात. तमिळनाडूत दहीभातासोबत मीठ-लिंबात मुरवलेली मिरी वाढली जाते. या मागणीमुळे अनेक बागायतदार आता ओले घोस विकू लागले आहेत. ही संधी स्वागतार्ह आहे. मात्र तिच्यासोबत येणाऱ्या जबाबदारीची चर्चा अद्याप पुरेशी होत नाही.

मिरीवरील मुख्य कीड म्हणजे पोल्लू भुंगेरा. मल्याळममध्ये 'पोल्लू' म्हणजे पोकळ. या भुंगेऱ्याची अळी कोवळ्या दाण्यात शिरून गर खाते. दाणा आधी पिवळा, मग काळा पडतो आणि बोटांनी दाबताच चुरतो. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा कमी उंचीवरील, दाट सावलीच्या बागांत उपद्रव अधिक असतो. त्याच्या नियंत्रणासाठी जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर अशा दोन फवारण्यांची प्रथा आहे.

अडचण दुसऱ्या फवारणीची आहे. काळ्या मिरीसाठी घोस पक्व झाल्यावर, म्हणजे बहुधा नोव्हेंबरनंतर उतरवतात, मळणी करतात आणि काही दिवस उन्हात वाळवतात. ओली मिरी त्याआधीच काढली जाते व अनेकदा त्याच आठवड्यात देठासकट कढईत पडते. फवारणी आणि ताट यांतील अंतर असे दोन्ही बाजूंनी आक्रसते. धुण्याने पृष्ठभागावरील काही अंश निघतो. दाण्यात मुरलेले आंतरप्रवाही औषध निघत नाही. मीठ आणि लिंबूरस दाणे टिकवतात, अवशेष नाहीसे करण्याची हमी देत नाहीत.

म्हणून ओल्या विक्रीचे वेल हंगामाच्या आरंभीच निवडून त्यांवर खूण करावी. फुलोऱ्यापूर्वी आधारवृक्षांच्या फांद्या छाटून ऊन आत येऊ द्यावे. कीड दिसल्यास कडुनिंबयुक्त कीडनाशक पानांच्या खालच्या बाजूस व घोसांवर फवारावे आणि लेबलवरील प्रतीक्षा कालावधी पाळावा. रासायनिक फवारणी झालेल्या वेलीचे घोस काळ्या मिरीसाठीच राखावेत. घरच्या वापरासाठी कुंडीतील झुडूपमिरी उत्तम. थोड्याशा झाडांवरील किडके दाणे हातानेही वेचता येतात.

स्वयंपाकघरातही दोन गोष्टी उपयोगी पडतात. तोडल्यावर दाण्यातील विकरांमुळे तो काळवंडतो. उकळत्या पाण्यात पुरेसा वेळ बुडवल्यास विकर निष्क्रिय होतात आणि हिरवेपणा टिकतो. सुगंध बाष्पनशील तेलांचा असल्याने मिरी शेवटी घालावी. तिखटपणा पिपेरीनचा असल्याने तो शिजूनही राहतो.

विस्तार कार्यकर्ते महिला बचत गटांना मिरीच्या लोणच्याचे प्रशिक्षण देतात, तेव्हा पहिला धडा बरणीचा असतो. तो वेलीचा असावा. शेवटची फवारणी कधी व कशाची झाली, याची नोंद प्रत्येक टोपलीसोबत आली, तरच ओल्या मिरीची बाजारपेठ टिकेल. ग्राहकाचा विश्वास एकदा पोकळ झाला, तर तो कोणत्याही फवारणीने भरून येणार नाही.