मुलानेच का सरकारच्या दारी जायचे?

प्रतिपालकत्वाच्या नियमांत केंद्राने 2024 मध्ये केलेल्या बदलांचे कौतुक बरेच झाले. अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीलाही आता परके मूल घरी सांभाळता येईल आणि पाच वर्षांऐवजी दोनच वर्षांनी ते दत्तक घेता येईल. बदल चांगला आहे, पण त्यात सोय पाहिली गेली ती मूल हवे असणाऱ्या मोठ्यांची. वर्ध्याजवळच्या आंजी (मोठी)सारख्या गावात बाप गेला, आई गेली की मूल परक्याकडे जात नाही. ते आजीकडे, मामाकडे, काकाकडे राहते. त्याला नवे पालक नकोत, सांभाळणाऱ्या हातांना बळ हवे. त्यासाठी राज्यात बालसंगोपन योजना आहेच. महिन्याला 425 रुपये मिळत. 2021 मध्ये त्याचे 1100 आणि 2023 मध्ये 2250 झाले. रक्कम वाढली, रीत बदलली नाही. आजही मुलानेच सरकारच्या दारी जायचे.

आणि जायचे म्हणजे काय? उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, मृत्यूचा ग्रामपंचायतीतून, बोनाफाईड शाळेतून. शिवाय आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि घरासमोर मुलासोबत उभे राहून काढलेला फोटो. एवढे जमवून मुलाला घेऊन वर्ध्याला बालकल्याण समितीपुढे हजर व्हायचे. कापूस वेचणीच्या दिवसांत आजीची रोजी बुडते, मुलाची शाळा बुडते. आधारवरचे नाव दाखल्याशी जुळले नाही की पुन्हा पहिल्यापासून. मंजुरी मिळाली तरी पैसे दरमहा येतील याची खात्री नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4000 रुपये आहेत, पण ग्रामीण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 72 हजारांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला 6000. एवढ्यात घर चालवणाऱ्यांनाच गरीब म्हणायचे, हा निकष ठरवणाऱ्यांनी वाण्याचे बिल कधी पाहिले आहे का? लाडकी बहीण योजनेत काही आठवड्यांत लाखो खात्यांत पैसे पोचले. यंत्रणेला जमत नाही, हे कारण तेव्हाच निकालात निघाले.

मुले शोधता येत नाहीत, असेही म्हणता येणार नाही. कोरोनात पालक गेलेल्या मुलांसाठी 2021 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात कृती दल नेमले गेले, गावागावांतून नावे मागवली गेली, दोन्ही पालक गमावलेल्यांच्या नावे 5 लाखांची ठेव ठेवली गेली. मग साप चावून, विजेचा धक्का लागून किंवा कर्जापायी बाप गेलेल्या मुलाचे दार कुणी का वाजवत नाही? विदर्भात तर शेतकरी आत्महत्येचे प्रकरणही आधी पात्र की अपात्र यावर तोलले जाते. पात्र ठरले तर 1 लाख, त्यातही 70 हजार ठेवीत. अपात्र ठरले तर काहीच नाही. अपात्र ठरलेल्या बापाचे लेकरू कमी उपाशी राहते का? मरणाची प्रतवारी लावून मुलांचा हक्क ठरवणे थांबलेच पाहिजे.

नातेवाईक पैसे खातील, बोगस अर्ज येतील, अशी भीती घातली जाते. असे होतही असेल. पण त्यावर उपाय आणखी एक दाखला मागणे हा नाही, घरी जाऊन मूल पाहणे हा आहे. त्यासाठी गावात ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी, सरपंच तिचे अध्यक्ष. कोणते मूल शाळेतून गळाले, कोण उपाशी झोपते, हे अंगणवाडी सेविकेइतके वर्ध्याच्या कुठल्या कार्यालयाला कळणार? आजीला जमत नसेल तर मूल बालगृहात ठेवा, हा सल्लाही सोपा वाटतो; पण 2015 च्या बाल न्याय कायद्यानेच संस्थेला शेवटचा पर्याय मानले आहे. त्याच कायद्याने बालकल्याण समितीच्या कामाचा तिमाही आढावा घेण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. पुढच्या आढाव्यात किती अर्ज निकाली निघाले एवढेच विचारून भागणार नाही. आंजीच्या ग्राम समितीची बैठक शेवटची कधी झाली, तिने स्वतःहून किती मुले शोधली आणि मंजूर मुलांचे किती महिन्यांचे पैसे थकले, हे विचारले जावे. आणि बालकल्याण समितीने महिन्यातून एक दिवस वर्धा सोडून अशा गावच्या ग्रामपंचायतीत बसावे, कागद तिथेच तपासावेत, मंजुरीही तिथेच द्यावी.