टॉप-अप म्हणजे शिल्लक नव्हे

२०२३च्या सुरुवातीला माझ्या बँकेच्या अ‍ॅपवर एक निळी पट्टी दिसायला लागली: होम लोनवर ८ लाखांचं टॉप-अप, आधीच मंजूर, कागदपत्रं नकोत. आयटीत रोज कुठून ना कुठून माणसं काढल्याच्या बातम्या येत होत्या. ऑफिसातला एक सीनियर म्हणाला, "घेऊन ठेव. नोकरी गेल्यावर कुठलीच बँक दारात उभं करत नाही. आणि होम लोनपेक्षा स्वस्त कर्ज नाही."

घेतलं. एक्सेलमध्ये त्या रकमेपुढे 'इमर्जन्सी फंड' लिहिलं आणि निवांत झोपलो.

हा सल्ला आजही कँटीनमध्ये ऐकू येतो. तो मूर्खपणाचा नाही, म्हणूनच त्याच्याशी नीट भांडायला हवं.

आधी हिशोब. ८ लाख, ९.५ टक्के, १५ वर्षं. हप्ता ८,३५४ रुपये, एकूण परतफेड १५ लाखांच्या वर. पैसे ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवले, तर ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर आणि सेस जाऊन हातात उरतात ४.८ टक्के. म्हणजे पहिल्या वर्षी ७५ हजारांच्या आसपास व्याज भरायचं आणि साडेअडतीस हजार कमवायचे. न वापरलेल्या पैशाचं हे महिन्याला ३ हजार रुपये भाडं झालं. होम लोनवर कर वाचतो म्हणाल, तर ती सवलत पैसा घर घ्यायला, बांधायला किंवा दुरुस्तीला लागला तरच. नुसत्या पडून राहिलेल्या पैशाला नाही.

"विम्याचा हप्ता समज," असं सीनियर म्हणतो. पण विमा कंपनी दिलेले पैसे परत मागत नाही. इथे नोकरी गेली की फंडातून आधी फंडाचाच हप्ता जातो. माझं मूळ कर्ज २०२१चं, ६.७ टक्क्यांचं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो रेट ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि माझा हप्ता ३६ हजारांवरून ४४ हजारांवर. त्यावर हे आठ हजार. संकट यायच्या आधीच मी ५२ हजारांना बांधला गेलो होतो.

खरा धोका तारणाचा आहे. पर्सनल लोन महाग असतं, पण त्यात घर गहाण नसतं. टॉप-अप घरावरच असतं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए. मग २००२च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, आणि तीही उलटली की दिवाणी दावा न लावता बँक ताब्याची कारवाई सुरू करू शकते. माझ्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आईबाबा राहतात. डाउन पेमेंट बाबांच्या पीएफमधून गेलंय.

२०२४च्या जानेवारीत माझी नोकरी गेली. तोवर 'फंडा'त ३ लाख १० हजार उरले होते. मॉड्युलर किचन, चुलतबहिणीचं लग्न, लॅपटॉप. प्रत्येक खर्च त्या त्या दिवशी इमर्जन्सीच वाटला होता. साडेचार महिने घरी होतो. बाबांना सगळं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, परत द्यायचीय ती शिल्लक कशी?"

तुम्ही म्हणाल, उडवलेस तूच, यात टॉप-अपचा काय दोष? दोष माझाच. पण खात्यात आलेले ८ लाख वर्षानुवर्षं न हलवणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा स्वतःची शिल्लक आधीच असते. ही योजना ज्यांना विकली जाते, त्यांच्याकडे ती नसते.

आणि मुख्य मुद्दा. दरमहा ८,३५४ रुपयांचा हप्ता झेपतो, याचा अर्थ तेवढी आरडीही झेपते. तीन वर्षांत तीन लाखांच्या वर जमतात, आणि ते कुणाचे देणं नसतात. तोवरची दोन-तीन वर्षं अंगावर उघडी राहतात, हे मान्य. तेव्हा खर्च कमी ठेवा, नोकरीबाहेरचा आरोग्य विमा घ्या. ओव्हरड्राफ्टवालं होम लोन मिळत असेल तर स्वतःची बचत त्यात ठेवा. व्याज कमी लागतं आणि गरजेला पैसे काढता येतात. पण आधी पैसा आपला हवा. दवाखान्याचं बिल समोर असताना टॉप-अप घेणाऱ्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कर्जाला बचतीचं नाव देण्याशी.

आता नोकरी आहे. वैयक्तिक फ्लोटिंग होम लोन आधी फेडलं तर दंड लागत नाही, म्हणून बोनस टॉप-अपमध्ये भरतोय. ५ तारखेला आरडी कापली जाते.

निळी पट्टी अजून येते. आता ११ लाख देतायत. तिच्यावर 'नको' असं बटण नाही, फक्त 'नंतर' आहे.