रक्तातली शिस्त आणि दहा सेंट

अमेरिकेत मुलांकडे चार-सहा महिने राहून परत आलेल्या आपल्या ज्येष्ठ मंडळींच्या तोंडी एक वाक्य हटकून असते. "ती माणसेच निराळी हो! शिस्त त्यांच्या रक्तातच आहे." हे वाक्य आम्ही इंदुरात ऐकले, ग्वाल्हेरीस ऐकले, बडोद्याच्या एका मंगल कार्यात पंगतीला बसल्या बसल्या ऐकले, आणि आपल्यासारख्या मंडळांच्या अंकांतून येणाऱ्या प्रवासवर्णनांत तर ते इतक्या वेळा वाचले की आता त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस कर्तव्य वाटू लागले आहे. आमचे म्हणणे असे की हे वाक्य असत्य आहे, आणि नुसते असत्य असते तर सोडून दिले असते. ते अपायकारक आहे. गुण रक्तातला ठरविला की आपल्या सरकारकडे काही मागण्याची जबाबदारी आपोआप सरते. रक्त काही अर्ज करून मिळत नाही.

हे लिहिण्यास निमित्त झाला तो २०२३ च्या सप्टेंबरातील एक प्रवास. मिशिगन राज्यात गेली कित्येक वर्षे स्थायिक असलेले आमचे मावसबंधू निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोटार होम घेतले. बसएवढी गाडी, आत दोन पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, शौचकूप, स्वच्छ पाण्याची टाकी आणि वापरलेल्या पाण्याच्या दोन निराळ्या टाक्या. मावसबंधू व वहिनी दरवर्षी उन्हाळा सरला, शाळा सुरू झाल्या आणि गर्दी ओसरली की या गाडीतून राज्य उद्यानांचा दौरा करतात. त्या वर्षी त्यांनी आम्हां उभयतांना सोबत घेतले. गाडी लिटरला चार किलोमीटरही धड जात नाही, हे नमूद केले पाहिजे. या प्रवासाला काटकसरीचा किंवा निसर्गप्रेमाचा आदर्श म्हणून मिरविण्यात अर्थ नाही. आमचे लक्ष गाडीवर नव्हते. गाडी जिथे रात्री उभी राहत होती, त्या जागेवर होते.

ही जागा कुणाची? आपल्याकडे अमेरिकेतील उद्याने म्हटली की यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन एवढीच नावे निघतात. ती केंद्र सरकारची. आम्ही फिरलो ती राज्य सरकारची, म्हणजे ज्या दर्जाच्या सरकारची आम्ही आयुष्यभर चाकरी केली त्या दर्जाची. एकट्या मिशिगनात अशी शंभराहून अधिक उद्याने आहेत. डोंगरकड्यांचा दिमाख तेथे नाही. कुठे सरोवराचा वाळूचा काठ, कुठे पाइन वृक्षांची राई, टाक्वामेनन येथे सुमारे ५० फूट उंचीचा आणि २०० फुटांहून रुंद असा धबधबा, ज्याचे पाणी देवदारांच्या दलदलीतून येत असल्याने चहासारखे तांबूस दिसते. पातालपाणी भर पावसाळ्यात पाहिलेल्या इंदूरकराने थक्क व्हावे असे त्यात काही नाही.

थक्क व्हावे ते व्यवस्थेने. झाडांमध्ये अंतर राखून आखलेल्या क्रमांकित जागा. प्रत्येक जागेवर गाडी उभी करण्यापुरती सपाटी, एक लाकडी मेज, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि विजेचा खांब. थोड्या अंतरावर स्नानगृह व शौचालय. उद्यानातून निघण्यापूर्वी गाडीतील मैलापाण्याची टाकी रिकामी करण्यासाठी एक ठरलेले ठिकाण, तिथे नळी जोडायची, टाकी धुवायची, पुढे जायचे. जागा सहा महिने आधीपासून नोंदविता येते. दर ठरलेला, फलकावर लिहिलेला, आणि तो हॉटेलच्या खोलीच्या मानाने किरकोळ. एका जागी सलग १५ रात्रींपेक्षा अधिक राहता येत नाही, कारण सार्वजनिक जागेवर कुणी ठाण मांडू नये. या शेवटच्या नियमावर आम्ही मनातल्या मनात टाळ्या वाजविल्या. सरकारी जमिनीवरील अतिक्रमणांच्या फायली ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांस त्याचे मोल कळेल.

सप्टेंबरात तेथे बहुतेक पांढऱ्या केसांचीच वस्ती होती. कुणी निवृत्त शिक्षक, कुणी मोटार कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार. सारेच धनिक नव्हते. कित्येकांच्या गाड्या जुन्या, डागडुजी केलेल्या. लडिंग्टन येथे मिशिगन सरोवराच्या काठी संध्याकाळी ही जोडपी खुर्च्या टाकून सूर्यास्त पाहत बसत. काही उद्यानांत तर एखादे निवृत्त जोडपे यजमान म्हणून महिनाभर राहते: नव्याने आलेल्यांना जागा दाखविणे, बारीकसारीक झाडलोट, चौकशांना उत्तरे. पगार नाही, जागेचे भाडे माफ. आपल्याकडे निवृत्त माणसाला ज्येष्ठ नागरिक दिनी शाल व श्रीफळ मिळते. तेथे त्याला काम व मुक्काम मिळतो. यातला अधिक सन्मान कुठला, हे वाचकांनीच ठरवावे.

आता रक्ताकडे वळू. आमच्या वहिनी शीतपेयांचे रिकामे डबे फेकून न देता एका पिशवीत जमवीत. आम्ही मनात म्हटले, हीच ती शिस्त. मग उलगडा झाला. मिशिगनात १९७६ साली लोकांच्या कौलाने एक कायदा झाला. त्यानुसार शीतपेय व बियरच्या प्रत्येक डब्या-बाटलीवर दहा सेंट ठेव घेतली जाते आणि रिकामा डबा दुकानात परत केल्यावर ती मिळते. साध्या पाण्याच्या बाटलीवर मात्र ठेव नाही. आता रस्त्याच्या कडेला आम्हांस पडलेल्या दिसल्या त्या कोणत्या बाटल्या, हे सांगावयास हवे काय? एकच माणूस, एकच हात. दहा सेंट असले की शिस्तप्रिय, नसले की आपल्यासारखाच. रक्तात शिस्त असती तर त्या राज्याला हा कायदा कशाला करावा लागला असता?

तीच कथा शांततेची. रात्री दहा ते सकाळी आठ आवाज बंद, हा लेखी नियम आहे आणि तो मोडणाऱ्यास बाहेर काढण्याचा अधिकार उद्यानाच्या कर्मचाऱ्यास आहे. तो वापरला जातो हे सर्वांस ठाऊक आहे. शेकोटीसाठी घरून लाकूड आणू नका असे फलक जागोजागी आहेत. कारण अ‍ॅश जातीच्या झाडांना पोखरणारा एक हिरवा भुंगा २००२ साली डेट्रॉइटच्या परिसरात आढळला आणि त्याने पुढे कोट्यवधी झाडे मारली. तो सरपणाबरोबर गावोगाव पसरला. म्हणजे तेथील सज्जनांनीही अजाणता आपल्याच वनांचा घात केला. सरकारने नुसता उपदेश केला नाही, नियम केला आणि उद्यानातच सरपण विकत मिळण्याची सोय केली. नियम आणि सोय या दोन्हींची जोडी तेथे आहे. आपल्याकडे "येथे कचरा टाकू नये" असा फलक असतो आणि दोन फर्लांगांत कचरापेटी नसते.

आणि जे वन पाहून आपली मंडळी भारावतात, त्याचा इतिहास तर मुळीच सात्त्विक नाही. ही भूमी ओडावा व ओजिब्वे लोकांची. १८३६ च्या एका करारान्वये मिशिगनच्या उत्तर भागातील फार मोठा प्रदेश त्यांच्या हातून गेला. मग लाकूडतोड्या कंपन्या आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी पांढऱ्या पाइनची वने अशी कापली की मागे बुंधे आणि वाळलेल्या फांद्यांचे ढीग तेवढे उरले. त्यांना आगी लागल्या. १८७१ व १८८१ च्या वणव्यांत गावेच्या गावे गेली. लाकूड संपल्यावर कंपन्यांनी जमिनी टाकून दिल्या, त्यांवरील कर थकला आणि त्या उजाड जमिनी सरकारजमा झाल्या. ज्यांना कुणी विचारीत नव्हते अशा या पडित जमिनीतूनच विसाव्या शतकाच्या आरंभी राज्याची वने उभी राहू लागली. १९१९ साली राज्य उद्यानांसाठी आयोग नेमला गेला. १९३३ पासून महामंदीतील बेकार तरुणांच्या केंद्रीय दलाने तेथे कोट्यवधी रोपे लावली, रस्ते केले, इमारती बांधल्या. आज राज्याच्या मालकीचे वन सुमारे ४० लाख एकर आहे.

ग्रेलिंग गावाजवळील हार्टविक पाइन्स उद्यानात आम्ही तीन रात्री राहिलो. एका लाकूड व्यावसायिकाच्या विधवेने पतीच्या स्मरणार्थ १९२७ साली ही जमीन राज्याला दिली. सबंध परगणा कापला गेला असता चुकून राहिलेली जुन्या पाइनची ८५ एकरांची राई तिच्यात होती. १९४० च्या वादळाने तिची ४९ एकर केली. त्या तीन-साडेतीनशे वर्षांच्या वृक्षांखाली उभे राहून मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही. तेथील वृक्षतोडीचे संग्रहालयही त्याच बेकार तरुणांनी बांधलेले. त्यात करवती, साखळ्या, तोडलेले ओंडके ओढण्याची अवजड चाके जपून ठेवली आहेत. आपण काय नासले हे दाखविणारे संग्रहालय सरकारने चालवावे, हे आम्हांस त्या वृक्षांइतकेच विशेष वाटले.

पैसा कुठून येतो? २०१० पासून मिशिगनात वाहनाच्या वार्षिक नोंदणीबरोबरच थोडीशी रक्कम (आरंभी ती दहा डॉलर होती) ऐच्छिक म्हणून भरता येते; ती भरणाऱ्याला वर्षभर सर्व राज्य उद्यानांत प्रवेश मोकळा. राज्याच्या जमिनीखालील तेल व वायूच्या स्वामित्वधनातून लोकांसाठी जमीन विकत घेण्याचा निधी १९७६ साली निर्माण झाला. या दोन्ही गोष्टी कुणा संताच्या प्रेरणेने झालेल्या नाहीत. टिपणी लिहिली गेली, आक्षेप आले, कायदा झाला. अशी टिपणी लिहिणारी माणसे आपल्या सचिवालयांतही बसलेली आहेत.

ज्यांना अजूनही रक्ताचा सिद्धान्त सोडवत नाही त्यांनी आपल्या इंदूरकडेच पाहावे. २०१६ च्या स्वच्छता सर्वेक्षणात हे शहर २५ वे होते. २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा पहिले आले. मधल्या एका वर्षात इंदूरकरांचे रक्त कुणी बदलले? घरोघरी नियमाने गाडी येऊ लागली, ओला व सुका कचरा वेगळा मागितला जाऊ लागला, दंड होऊ लागला. तेच आपण, तेच आपले शेजारी.

मग वनांच्या बाबतीत हे का होत नाही? मध्य प्रदेशात सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर वनाच्छादन आहे, देशात सर्वाधिक. परंतु निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याने चार दिवस झाडांच्या सान्निध्यात स्वस्तात राहायचे म्हटले तर त्याने जावे कुठे? आपल्या सरकारांच्या मते पर्यटन म्हणजे हॉटेल. तंबू लागलेच तर हनुवंतियाच्या जलमहोत्सवातल्यासारखे, वातानुकूलित. महाराष्ट्राने व केरळाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणे जाहीर केली. त्यांतही गाड्या उभ्या करण्याच्या जागांसाठी भर खाजगी गुंतवणुकीवर. म्हणजे दर पुन्हा हॉटेलाचाच. ज्या माळव्याच्या अहिल्याबाईंनी काशी-गयेपर्यंत वाटसरूंसाठी घाट आणि धर्मशाळा बांधल्या, त्या माळव्यात प्रवाशाची सोय हे राज्यकर्त्याचे काम आहे, याचा आम्हांला विसर पडावा ना!

वस्तुतः जागा आहेत. वन खात्याची, बांधकाम खात्याची, पाटबंधाऱ्यांची विश्रामगृहे ही इंग्रजांच्या काळापासून सर्वांत रम्य ठिकाणी बांधलेली आहेत. आम्ही दौऱ्यावर असताना त्यांत उतरलो आहोत. व्हरांड्यातून दिसणारे ते साल-सागाचे रान आणि समोर दोन-दोन, तीन-तीन एकरांचे मोकळे आवार, ज्यात चौकीदाराच्या बकऱ्यांखेरीज कुणी नसे. विश्रामगृह अधिकाऱ्यांसाठी राहू द्या. त्या आवारात दहा सपाट जागा, दोन नळ, स्त्रियांसाठी व पुरुषांसाठी वेगळी स्वच्छ शौचालये आणि एक विजेचा खांब, एवढेच हवे. मोटार होम कुणाकडे नसेल. साधी गाडी आणि तंबू पुरे. राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये वगळूनही धरणांच्या काठी अशा जागा पुष्कळ निघतील.

"लोक धिंगाणा घालतील, ध्वनिक्षेपक लावतील" असा आक्षेप येईल. घालतील, नियम नसला तर. "सरकारला हे जमणार नाही" असेही म्हटले जाईल. उज्जैनच्या सिंहस्थात २०१६ साली याच सरकारने क्षिप्रेकाठी महिनाभरासाठी तंबूंचे शहर वसविले, पाणी, वीज, शौचालये, पोलीस, दवाखाना सर्व पुरविले, आणि कोट्यवधी यात्रेकरू येऊन गेले. कोट्यवधींसाठी जे जमते ते दहा जोडप्यांसाठी जमत नाही म्हणणे हा कामचुकारपणा आहे. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्याच्या तयारीच्या कामांतच उज्जैन, इंदूर व देवास या जिल्ह्यांत प्रत्येकी एक अशा तीन जागा कायमस्वरूपी राखाव्यात, असे निवेदन आपल्या सभेने शासनास द्यावे. मसुदा आम्ही तयार करून चिटणिसांकडे दिला आहे. सभासदांनी तो वाचून सह्या कराव्यात, आणि ज्यांना तो पटत नाही त्यांनी आक्षेप लेखी कळवावेत.