पट कमी, म्हणून शाळा नको?

कमी पटाच्या शाळा मोडून त्यांतली मुले एकत्र आणणाऱ्या समूह शाळा कराव्यात, असे ठासून सांगणारा लेख रविवारच्या अंकात वाचला आणि संताप आला. त्यात पुन्हा पानशेतचाच दाखला. हा विषय निघाला की पानशेत आणि नंदुरबारमधले तोरणमाळ ही दोन नावे पुढे केली जातात. पानशेतच्या समूह शाळेला कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा आधार मिळाला. तिथे शिकणाऱ्या मुलांचे भलेच होवो. पण एका शाळेला निधी मिळाला म्हणून राज्यभराचा हिशेब त्यावर कसा मांडता? हजारो शाळांना असे देणगीदार कुठून आणणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वीसपर्यंत पटाच्या शाळा निघाल्या १४,७८३. विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. लेखकाने भागाकार करून एका शिक्षकामागे सहा मुले काढली आणि ही चैन राज्याला परवडणार नाही, असा निकाल दिला. तोच भागाकार शाळांच्या संख्येने करून पाहा. एका शाळेत सरासरी बारा मुले येतात. बारा मुले, दोन शिक्षक आणि पहिलीपासूनचे चार-पाच वर्ग. म्हणजे प्रत्येक शिक्षकाला एकाच वेळी दोन-तीन इयत्ता शिकवाव्या लागतात. ही चैन आहे? शहरातल्या महागड्या शाळा वर्गात मुले कमी असल्याची जाहिरात करून प्रवेश देतात. तिथे जो गुण ठरतो, तोच धनगरवाड्यावर दोष कसा ठरतो?

आणि आमच्या खोऱ्यात पट कमी का, हे कुणी विचारत नाही. पानशेतच्या जलाशयात साडेदहा टीएमसीहून अधिक पाणी मावते. ते पुण्याला आणि कालव्याखालच्या शेतीला जाते. त्या पाण्याखाली आंबी खोऱ्याच्या तळातली शेती गेली. काही कुटुंबे बाहेर गेली, उरलेली वर सरकली. आज शिरकोली, माणगाव, घोल, दापसरे या बाजूच्या वाड्या डोंगराच्या अंगाला विखुरल्या आहेत. हाताला काम नाही म्हणून तरुण पुण्यात गेले. ज्यांची मुले इथे उरली, त्यांना तालुक्यात सर्वांत कमी पर्याय आहेत. आधी पाण्यासाठी खोरे रिकामे केले आणि आता मुले कमी म्हणून शाळा उचलायची, हा अन्याय आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या राज्यातील नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी. दूरच्या समूह शाळेत जायला बस देतो, म्हणतात. बस डांबरी रस्त्यापर्यंत येईल. वाडीपासून रस्त्यापर्यंतच्या पायवाटेचे काय? जुलैत इथले ओढे भरून वाहतात, तेव्हा सहा वर्षांच्या मुलीला एकटीला कोणती आई पाठवेल? मोठ्या भावाला सोबत नेता येईल, पण तो नसेल तर ती घरी बसेल. तिचे नाव समूह शाळेच्या पटावर राहील आणि कागदावर गळती दिसणारही नाही.

लहान शाळांत मुलांना वाचता येत नाही, हा लेखातला दुसरा मुद्दा. त्याचे खापर पटावर का फोडता? शिक्षक वर्गात किती वेळ असतो ते बघा. कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली आहेत. प्रत्यक्षात ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणे, बैठका, पोषण आहाराच्या नोंदी आणि मतदार यादीचे काम वर्षभर चालूच. दोन शिक्षकी शाळेतला एक जण बैठकीला गेला आणि दुसरा माहिती भरत बसला, की वर्गात मुलेच उरतात. हे थांबवायला नवी इमारत लागत नाही.

एकही शाळा बंद करणार नाही, असे सरकारने २०२३ मध्ये सांगितले होते. त्या शब्दावर ठाम राहायचे असेल तर राजगड तालुक्यातल्या प्रत्येक कमी पटाच्या शाळेबाबत वाडीपासून समूह शाळेपर्यंतचे पायी आणि बसचे अंतर शिक्षण विभागाने जाहीर करावे. ग्रामसभेच्या संमतीशिवाय एकही शाळा हलवू नये. आणि रिक्त जागांवर नियमित शिक्षक याच शैक्षणिक वर्षात द्यावेत.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, पानशेत (ता. राजगड, जि. पुणे)