विश्लेषण: परदेशात भाड्याने गाडी घेताना माणसे मोजावीत की बॅगा?

व्हिसा मिळाला, विमानाची तिकिटे झाली, हॉटेलेही ठरली. आता उरली ती भाड्याची गाडी. बुकिंगच्या पानावर प्रत्येक गाडीखाली दोन छोटी चित्रे असतात. माणसाच्या चित्रापुढे ५ आणि बॅगेच्या चित्रापुढे २. बहुतेक कुटुंबे पहिला आकडा पाहतात, भाडे पाहतात आणि पैसे भरून मोकळी होतात. दुसऱ्या आकड्याची आठवण येते ती थेट झुरिच किंवा मिलानच्या विमानतळावरील पार्किंगमध्ये, डिकी उघडल्यावर.

आपल्याकडे ही अडचण कधी जाणवत नाही, याची कारणे आहेत. गाडीला वर कॅरिअर असते, लहान मूल मांडीवर बसते, उरलेल्या पिशव्या पायाशी जातात आणि गाडी चालवायला बहुधा चालकही असतो. युरोपातील भाड्याच्या गाडीत यातले काहीच चालत नाही. त्यामुळे इथल्या सवयीने तिथली गाडी निवडणे ही सहलीतली सर्वात महाग चूक ठरू शकते.

बॅगांचे गणित काय सांगते?

विमानात चेक-इन होणाऱ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटरची मर्यादा असते. ७५ बाय ५० बाय ३३ सेंटिमीटरची बॅग घेतली तर ती या मर्यादेत बरोबर बसते. तिचे आकारमान होते जवळपास १२४ लिटर. फोक्सवॅगन गोल्फ ही युरोपातील ‘कॉम्पॅक्ट’ वर्गाची ओळखीची गाडी. तिची डिकी ३८१ लिटरची. भागाकार केला तर तीन मोठ्या बॅगा बसायला हव्यात. प्रत्यक्षात दोन बसतात आणि वर एखादी केबिन बॅग.

कारण डिकीचे लिटर मोजण्याची पद्धत. युरोपात प्रचलित असलेल्या मापनात २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचतात आणि मोजतात. असे ठोकळे चाकाच्या कमानीशेजारच्या खोबणीतही जातात. कडक कवचाची बॅग त्या खोबणीत जात नाही. म्हणून जाहिरातीतल्या लिटरपैकी दोन तृतीयांशच आपले, असे धरून चालावे. चकल्या, चिवडा, मेतकूट आणि छोटा कुकर यांची वेगळी पिशवी असेल, आणि ती असतेच, तर तिलाही या हिशेबात जागा द्यावी.

सामान खिडकीच्या वर रचणे हा उपाय नव्हे. मागचे दिसत नाही, आणि जोरात ब्रेक दाबला तर वरची बॅग मागच्या सीटवरील माणसाच्या मानेवर येते. इटली, स्पेन, दक्षिण फ्रान्स या भागांत आणखी एक धोका आहे. काचेतून सामान दिसणारी पर्यटकांची गाडी चोरांना आयते आमंत्रण असते. डिकीवरचे झाकण बंद होईल एवढेच सामान, ही मर्यादा तिथे पाळलेलीच बरी.

आजी मधे बसू शकतात का?

समजा, पुण्याचे एक कुटुंब आहे. आई-बाबा, पाच आणि आठ वर्षांची दोन मुले आणि आजी. माणसे पाच, म्हणून पाच आसनी गाडी. कागदावर हे बरोबर आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे. जर्मनीतही हाच नियम आहे. ब्रिटनमध्ये उंचीची अट १३५ सेंटिमीटर आहे. मांडीवर मूल घेणे कुठेच चालत नाही, तान्हे बाळसुद्धा नाही.

बालआसन अडकवण्याचे आयसोफिक्सचे आकडे बहुतेक गाड्यांत मागच्या दोन कडेच्या सीटवर असतात. म्हणजे दोन्ही मुले खिडकीशी आणि आजी मधे. दोन बालआसनांमध्ये उरलेली जागा जेमतेम फूटभर, पायाखाली बोगद्यासारखा उंचवटा, आणि बसायचे तर एका बालआसनावरून ओलांडून. गुडघेदुखी असलेल्या बाईसाठी ही जागाच नव्हे. पण बुकिंगच्या पानावर ‘५ प्रवासी’ लिहिताना हे कोणी सांगत नाही.

या कुटुंबासाठी योग्य गाडी कोणती? फोक्सवॅगन टूरानसारखी सात आसनी, तिसरी रांग पूर्ण आडवी पाडून. मधल्या रांगेत तीन स्वतंत्र सीट असतात, त्यामुळे आजींना पूर्ण सीट मिळते आणि मागे डिकी मोकळी राहते. थोडक्यात, सात आसनी गाडी ही सामानासह पाच माणसांची गाडी आहे. त्याच न्यायाने पाच आसनी गाडी चौघांची आणि नऊ आसनी व्हॅन सहा-सात जणांची.

मग सात जणांनी सात आसनी का घेऊ नये?

कारण तिसरी रांग उभी केली की डिकीच नाहीशी होते. टूरानमध्ये सातही सीट वापरात असताना मागे १३७ लिटर जागा उरते. वरच्या हिशेबाने फार तर एक मोठी बॅग. सात माणसे आणि एक बॅग! दिवसभराच्या फेरफटक्याला हे चालेल, विमानतळावरून हॉटेलला जाताना नाही.

दुसरा मुद्दा वजनाचा, आणि तो सहसा कोणी काढत नाही. सरासरी ६५ किलोची सात माणसे म्हणजे ४५५ किलो. प्रत्येकी २३ किलोची बॅग धरली तर आणखी १६१. एकूण ६१६ किलो. अनेक कॉम्पॅक्ट सात आसनी गाड्यांची भार वाहण्याची क्षमता याच सुमारास संपते. सपाट रस्त्यावर फरक कळणार नाही. फुर्का किंवा ग्रिम्झेलसारख्या आल्प्समधल्या घाटात उतरताना ब्रेकना तो कळतो.

सहा-सात जणांपुढे खरे पर्याय दोनच. नऊ आसनी व्हॅन किंवा दोन छोट्या गाड्या. नऊ आसनांपर्यंतची व्हॅन युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालते. पण फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर टी६ ची लांबी ४.९ मीटर आहे आणि लांब आवृत्ती ५.३ मीटरची. सामानासाठी लांब आवृत्तीच हवी. आरशांसकट रुंदी जवळपास २.३ मीटर, उंची जवळपास दोन मीटर. जुन्या शहरांतील अनेक भूमिगत पार्किंगच्या तोंडाशी १.९ ते २ मीटर उंचीची पाटी असते. ब्रिटनमध्ये पार्किंगची नेहमीची जागा २.४ बाय ४.८ मीटर असते. व्हॅन तिच्या बाहेर डोकावणार.

दोन गाड्यांना पैसे जास्त लागतात, विमा दुप्पट, आणि दोन चालक हवेत. तरीही घरात गाडी चालवणारे दोघे असतील तर हाच पर्याय उजवा. छोटी गाडी कुठेही लागते, एका गाडीतील मुलाला मळमळले तर सगळे खोळंबत नाहीत, आणि आजी-आजोबा दुपारी हॉटेलवर परतू शकतात. एकच चालक असेल तर मात्र व्हॅन. त्यातही पहिला दिवस शहराबाहेरच काढावा.

रुंदी एवढी महत्त्वाची का?

भारतातला चालक उजवीकडे बसतो आणि रस्त्याच्या डावीकडून चालवतो. युरोपच्या मुख्य भूमीवर दोन्ही उलटे. आयुष्यभर गाडीचा डावा कोपरा नजरेने जोखलेला असतो. तिथे उजवा कोपरा लांबचा होतो, आणि नवखा चालक नकळत उजवीकडे सरकतो. परत केलेल्या गाडीच्या उजव्या बाजूचे अलॉय आणि आरसा आधी पाहावे लागतात, ते यामुळेच. गाडी जितकी रुंद तितकी ही चूक महाग.

जाहिरातीतली रुंदी आरसे वगळून असते. गोल्फ कागदावर १.७९ मीटर आहे, आरसे धरून २.०७. जर्मनीत महामार्गाचे काम चालू असते तिथे डाव्या लेनवर अनेकदा २ किंवा २.१ मीटरची मर्यादा असते, ती आरशांसकट. म्हणजे दोन मीटरची पाटी असेल तिथे साधी गोल्फसुद्धा त्या लेनमध्ये जाऊ शकत नाही.

ब्रिटन, आयर्लंड आणि न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू आहे. पहिल्यांदा परदेशात चालवणाऱ्यांनी तिथे एक आकार मोठी गाडी घ्यायला हरकत नाही.

चौघांसाठी सर्वात चांगली गाडी कोणती?

जी भारतात जवळपास विकलीच जात नाही ती, म्हणजे इस्टेट किंवा वॅगन. गोल्फच्या वॅगन आवृत्तीची डिकी ६११ लिटर, स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बीची ६४०. ऑक्टाव्हिया कॉम्बी लांबी-रुंदीने जवळपास इनोव्हा क्रिस्टाएवढीच, पण फूटभर बुटकी. त्यामुळे कोणत्याही पार्किंगमध्ये जाते. दिसायला एसयूव्हीचा रुबाब नाही, म्हणून आपली माणसे तिच्याकडे बघत नाहीत.

एसयूव्हीचे आकर्षण इथेच महागात पडते. फोक्सवॅगन टी-रॉकची डिकी ४४५ लिटर आहे, गोल्फ वॅगनपेक्षा १६६ लिटर कमी. काउंटरवर ‘तुम्हाला मोफत एसयूव्ही देतो’ असे सांगितले जाते तेव्हा मिळणारी गाडी उंच असते, मोठी असेलच असे नाही.

‘किंवा तत्सम’ म्हणजे नेमके काय?

फोटोतल्या गाडीखाली हे दोन शब्द असतात. कंपनी मॉडेलचे आश्वासन देत नाही, वर्गाचे देते. हा वर्ग ‘ॲक्रिस’ नावाच्या चार अक्षरी कोडमध्ये लिहिलेला असतो. पहिले अक्षर आकाराचे, दुसरे प्रकाराचे, तिसरे गिअरचे, चौथे इंधन आणि एसीचे. दुसऱ्या जागी ‘डब्ल्यू’ असेल तर वॅगन, ‘एफ’ असेल तर एसयूव्ही, ‘डी’ असेल तर साधी चार-पाच दारांची गाडी. तिसऱ्या जागी ‘एम’ असेल तर मॅन्युअल, ‘ए’ असेल तर ऑटोमॅटिक. फोटोपेक्षा ही चार अक्षरे जास्त खरी.

गिअरचे अक्षर भारतीयांनी दोनदा वाचावे. युरोपात भाड्याच्या छोट्या गाड्या अजूनही बऱ्याचदा मॅन्युअल असतात आणि गिअर उजव्या हाताने बदलावा लागतो. ऑटोमॅटिक हवी तर कधी कधी एक वर्ग वर जावे लागते. पैसे वाचवायचेच असतील तर ते इथे वाचवू नयेत.

आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो. तो मुख्य चालकाच्या नावे हवा, आणि क्रेडिट कार्डही त्याच्याच नावाचे. मोठ्या वर्गाच्या गाडीला अनामत रक्कम सहसा जास्त अडकते, आणि २५ वर्षांखालील चालकाला असे वर्ग अनेकदा मिळत नाहीत. मुलगा चालवेल या भरवशावर व्हॅन बुक करणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब. झरमॅट आणि वेंगेन या गावांत पर्यटकांच्या मोटारींना प्रवेशच नाही. गाडी खाली टेश किंवा लाउटरब्रुनेनला ठेवून वर रेल्वेने जावे लागते. सहलीचे तीन-चार दिवस अशा गावांत जाणार असतील तर त्या दिवसांचे भाडे आणि पार्किंग दोन्ही वाया जाते. तेवढे दिवस रेल्वे आणि उरलेल्या दिवसांसाठी गाडी, अशी विभागणी करता येते.

आणि काउंटरवर सही करण्यापूर्वी बॅगा घेऊन गाडीपर्यंत जाता आले तर जावे. डिकीचे झाकण लागत नसेल तर गाडी बदलून मागायची वेळ तीच. एकदा गाडी विमानतळाबाहेर पडली की मोठी गाडी मिळते ती त्या दिवशीच्या भावाने.